साफ्याचं दुसरं टोक

बाबा,

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि मी रोज सकाळी कामावर निघण्याआधी आरशासमोर उभी राहून तुमचा साफा डोक्याला बांधते. पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी बाई, गॅसवर चहा उकळतोय आणि डोक्यावर पचरंगी राजपूत थाट. कोणी खिडकीतून पाहिलं तर म्हणेल, गेली ही बाई कामातून. मलाही तीच भीती आहे. थट्टा नाही करत, खरोखरची. तुमचं डोकं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने माझंही निघालंय का, हे मी त्या कापडावरून तपासते. शेवटचं टोक खोचलं गेलं की त्या दिवसापुरती सुटका. एखादा वळसा चुकला की सीतापुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावरही मी तो बोटाने मांडीवर गिरवत राहते.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेले. विम्याच्या ऑफिसातले तुमचे जुने साहेब आले होते, ते तुमच्या सचोटीबद्दल बोलले, बदली होऊन अमरावतीहून इथे राजपुतांच्या मुलखात आलात आणि या बनी पार्क भागातच कसे रमलात ते बोलले. मी हो हो म्हणत माना डोलावल्या. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. तुम्ही असे मधेच उठून जाणारे नव्हतात, म्हणून मला ते पुढे न्यायचं आहे.

भांडणाची सुरुवात सी-स्कीम भागातल्या त्या डॉक्टरांकडे झाली. आई जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं आणि तुम्ही दोनदा भाजी आणायला जाऊन रिकाम्या पिशवीने परत आला होतात. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. तुम्ही गोल इतका सुरेख काढलात की मला हायसं वाटलं. मग आकडे लिहायला घेतले आणि सगळेच्या सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. डावी बाजू मोकळी. काहीतरी चुकलंय एवढं तुम्हाला कळलं, काय चुकलंय ते कळेना, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात पाहावं तसं पाहिलंत, बाबा.

डॉक्टर म्हणाले, "इनके दिमाग को काम देते रहिए. कुछ नया सिखाइए." मी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं. माझा पेशाच तो. कारखान्यांमधल्या कामगारांसाठी मी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम लिहिते, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या डोक्यावर पहिली ओळ असते: हे शिकल्यावर शिकणाऱ्याला काय करता येईल? त्या ओळीचा रकाना भरता आला नाही तर पुढचं काही मंजूर होत नाही. मी शब्दकोडी आणली. आकड्यांची कोडी आणली. फोनवर बंगाली शिकवणारं काहीतरी उतरवून दिलं. तुम्ही दोन दिवस सगळ्यांकडे चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "वंदे, हे औषध आहे. औषध असंल तं मले गोळी दे, पाण्यासोबत घेऊन घेतो."

मग शेजारच्या शेखावतजींच्या पुतण्याचं लग्न आलं. त्यांच्या गच्चीवर वरातीच्या पुरुषांना साफे बांधायचं काम दुपारभर चाललं होतं आणि तुम्ही चहा प्यायला म्हणून गेलात ते संध्याकाळपर्यंत आला नाहीत. मी बोलवायला आले तर एका खुर्चीवर पुढे झुकून बसला होतात, मांडीवर थंड झालेला कप. घरी परतताना जिन्यात म्हणालात, "मले ते शिकायचं आहे."

"कायले?" मी विचारलं. आपल्याच गावचा शब्द, आपोआप तोंडात आला.

"कायले म्हंजे?"

"म्हणजे घालणार कुठे बाबा? प्रमोददादाच्या लग्नात फेटा खाजतो म्हणून मंडपातच काढून ठेवला होता तुम्ही."

"घालायचा कुठं आहे? बांधायचा आहे," तुम्ही म्हणालात आणि चप्पल काढून आत गेलात.

शेखावतजी कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी बोलताना अजून गळ्यात शिटी असल्यासारखे बोलतात. ते आपल्या घरातला जुना पचरंगी साफा घेऊन आले. केवढं ते कापड. हॉलच्या खिडकीपासून व्हरांड्यातल्या तुळशीपर्यंत पसरलं तरी उरलं. आधी कापडाच्या रुंदीला चुण्या घालायच्या, त्या सुटू नयेत म्हणून एकाने एक टोक ओढून धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. जसजसे वळसे पडतात तसतसं धरणाऱ्याने पुढे पुढे यायचं. एक टोक पाठीवर मोकळं सोडायचं, कपाळावरून तिरका पट्टा घ्यायचा, मग उलट बाजूने दुसरा, आणि प्रत्येक वळशाने आधीच्याला बोटभर दिसू द्यायचं. शेखावतजी म्हणाले, पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोक्यावर शिकायचं, तरच आपण काय करतोय ते दिसतं. दुसरं डोकं घरात माझंच होतं. मला स्टुलावर बसवलं, शेखावतजी शेजारी उभे राहून दाखवणार, मग धरायला माणूस उरला नाही म्हणून टोक खिडकीच्या गजाला बांधलं, आणि तुमची शिकवणी सुरू झाली. त्या दिवशी तुम्ही बांधलात. वाकडा, कानावर आलेला, पण बांधलात. मागे सरकून पाहिलंत आणि म्हणालात, "अरे वा. बसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला विचारलंत, "आज काही नवीन शिकायचं होतं ना आपल्याले?"

तिथून पुढे रोज हेच. रोज पहिला दिवस. शेखावतजींना मी बाजूला घेऊन सांगितलं की यांना कालचं काही आठवत नाही, तुम्ही दमून जाल. ते म्हणाले, "बाईसा, मैंने उमर भर हर साल नए लड़कों को वही पहला दिन सिखाया है. मेरे लिए क्या फरक है?" त्यांना फरक नव्हता. मला होता. मी तिथे स्टुलावर बसून मनातल्या मनात वळसे मोजत असे. काल पाचव्यापर्यंत गाडी अडली नव्हती, आज तिसऱ्यालाच अडली. परवा निदान चुण्या नीट घातल्या होत्या, आज कापड उलटं धरलं. तुमचं मात्र भलतंच चाललेलं. साफा डोक्यावर बसला की तुम्हाला आनंदही रोज पहिल्या दिवसाचाच व्हायचा. "अरे वा. बसला." तोच सूर, तेच मागे सरकून पाहणं. मला त्या आनंदाची भीती वाटायची. वाटायचं, ज्याला काल नाही त्याला हे असं हसता येतं, आणि एक दिवस मीसुद्धा अशीच हसत असेन आणि समोर मोजणारं कोणी नसेल.

मग त्या रात्रीच्या जेवणावरचं भांडण. तुम्हाला ते पानावरून उठेपर्यंतही आठवलं नसेल, मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "बाबा, जे सकाळी शिकून संध्याकाळपर्यंत उरत नाही, ते शिकायचं कायले?"

तुम्ही भात कालवत म्हणालात, "काल वरण केलं होतं ना तू?"

"हो."

"कुठं आहे ते आता?"

"संपलं."

"मंग खाल्लं ते वाया गेलं का?"

"वरण अंगी लागतं, बाबा."

"हेही लागत असंल."

"कुठे लागतं?"

"ते मले काय माहीत? मी काय डॉक्टर आहो?" असं म्हणून तुम्ही आणखी वरण मागितलंत.

मी चिडले होते. अजूनही चिडलेली आहे. वरणाचं उदाहरण मला पटलेलं नाही. अंगी लागतं म्हणजे उपयोग झालाच की. म्हणजे तुम्हीसुद्धा माझ्याच रकान्यात येऊन बसलात, फक्त आडवाटेने. हे मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तुम्ही ढेकर देऊन उठलात आणि बेसिनपाशी जाऊन मला विचारलंत की आज कोणता वार.

काही महिन्यांनी शेखावतजींनी तुम्हाला स्वतःच्या डोक्यावर बांधायला लावलं. तेव्हा टोक धरायचं काम माझ्याकडे आलं. मी टोक धरून समोर उभी राहायचे आणि डोळे तुमच्या बोटांवर. बोटं थांबली की कितवा वळसा ते मी मोजायचे. मी तोंडाने काही म्हणत नसे, पण संध्याकाळी ऑफिसातून आले की पहिला प्रश्न, "सकाळी कुठे अडलं होतं, आठवतं का?" एक दिवस तुम्ही साफा अर्धा बांधलेला तसाच उतरवलात. "तू माही परीक्षा घेऊन राहिली का?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. कापड गोळा करून तुम्ही कपाटात ठेवलंत आणि शेखावतजी आले तेव्हा त्यांना सांगितलंत की मान दुखते.

मी परीक्षा घेत होते, हे खरं आहे. आज पुन्हा तसे दिवस आले तर पुन्हा घेईन. घरात एक माणूस रोज थोडं थोडं कमी होत असेल तर दुसऱ्याने मोजायचं नाही तर काय करायचं?

पण पुढे एका सकाळी तुम्हीच कापड घेऊन माझ्यासमोर आलात. टोक माझ्या हातात दिलंत आणि खांद्याला धरून मला तुळशीकडे तोंड करून उभं केलंत. "पाहू नको. टोक धर फक्त."

मग आपण तसंच करत राहिलो. मी पाठमोरी, तुम्ही माझ्यामागे, मध्ये ते लांबच लांब कापड. तुम्हाला वाटायचं की मला आता काही कळत नाही. बाबा, मला सगळं कळायचं. तुम्हाला वळसा आठवत असला की कापडाला ओढ यायची, घट्ट, खात्रीची. आठवेनासं झालं की कापड सैल पडायचं. मी तुळशीच्या मंजिऱ्यांकडे बघत त्या सैल कापडाचं ऐकत उभी राहायचे. समोरच्या गेस्टहाउससमोर परदेशी पाहुण्यांच्या बॅगा उतरत असायच्या, भाजीवाला हाका मारत जायचा, आणि माझ्या हातात तुमच्या डोक्याची हालहवाल. कधी कधी कापड इतका वेळ सैल राहायचं की मागे वळावंसं वाटायचं. वळले नाही. कधीतरी ओढ परत यायची. नाहीच आली तर तुम्ही सगळं सोडून हसायचात आणि म्हणायचात, "चल, पयल्यापासून."

एकदा मात्र कापड सैल असताना तुम्ही हसला नाहीत. मागून तुमचा आवाज आला, "वंदे, मले भेव वाटते."

मी विचारलं, "कशाचं?"

"काही नाही. धर तू."

मी धरलं. तुम्हीही वळायला सांगितलं नाहीत, मीही वळले नाही. मला त्या वेळी जे म्हणायचं होतं तो एकच शब्द होता, आणि तो म्हटला असता तर दोघांपैकी कोण कोणाला सावरणार हा प्रश्न होता. म्हणून तो राहून गेला.

शेवटचं वर्ष मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते, कारण लोक मला येऊन भलतंच सांगतात. म्हणतात, मन विसरलं तरी हात विसरत नाहीत. विसरतात. मी पाहिलंय. आधी तुम्ही मांडीवर कापड घेऊन नुसत्या चुण्या घालायचात, मग चुण्याही गेल्या, मग कापड हातात दिलं की ते काय आहे म्हणून वास घेऊन पाहायचात. तरी हातात दिलं की सोडायचा नाहीत. त्याचा अर्थ काय लावायचा मला माहीत नाही आणि लावायची हिंमतही नाही.

आता तेराव्याचं सांगते. तुम्ही असतात तर हसून लोटपोट झाला असतात.

तुम्ही गेल्याचं मी कॉलनीच्या ग्रुपवर कळवलं. हिंदीत असा निरोप मला कुठे लिहिता येतो? मागे गल्लीत एक आजोबा गेले होते, त्यांच्या मुलाने टाकलेला निरोप मी उचलला, नाव बदललं, पत्ता बदलला आणि पाठवून दिला. त्याच्या शेवटी एक ओळ होती, ती तशीच राहिली. तेराव्या दिवशी दुपारी चार वाजता निवासस्थानी पगडी. म्हणजे आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण उरकलं, गुरुजी गेले, अमरावतीहून आलेला तुमचा पुतण्या, प्रमोददादा, दिवाणावर आडवा झाला, आणि चारच्या सुमाराला गेट वाजलं. बघते तर पांढऱ्या कपड्यांतले पुरुष एकामागून एक आत येतायत, चपला ओळीने काढतायत. सगळी कॉलनी. पुढे शेखावतजी, हातात थाळी, थाळीत नारळ आणि घडी केलेली पांढरीशुभ्र मलमल. इथल्या रिवाजाप्रमाणे बाप गेला की तेराव्याला थोरल्या मुलाच्या डोक्याला चारचौघांसमोर पगडी बांधतात. आता घराचं हा बघेल, असं त्यातून सगळ्यांनी मान्य करायचं.

मी फोन काढून तो निरोप वाचला. स्वतः पाठवलेला, तेरा दिवसांत कित्येकदा डोळ्यांसमोरून गेलेला. त्यात एक अख्खी ओळ होती आणि मला ती दिसली नव्हती. शोकात माणसाचं असं होतं, हे मलाही माहीत आहे. पण त्या वेळी मला शोक वगैरे आठवला नाही. मला घड्याळाची ती मोकळी डावी बाजू आठवली.

सगळे सतरंजीवर बसले. शेखावतजींनी विचारलं, "किसके बँधेगी?"

तुम्हाला मुलगा नाही, म्हणून सगळ्यांनी प्रमोददादाकडे पाहिलं. तो उशीच्या वळ्या गालावर घेऊन उठून बसला होता. "मले काय समजते यातलं," तो मला हळूच म्हणाला. "आपल्यात हे असते तरी का? तू सांग ना त्यायले, चुकून लिहिल्या गेलं म्हणून."

सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेखावतजीच म्हणाले, "सिर तो घर में एक ही है जिस पर देशमुख साहब ने बाँधी है." आणि थाळी माझ्यासमोर ठेवली. मागच्या बाजूला कोणीतरी पुटपुटलं, बेटी के? शेखावतजींनी मान वळवून त्या बाजूला फक्त पाहिलं. शिटी मारायची गरज पडली नाही.

ते बांधायला पुढे आले, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "मैं बाँधूँगी." मला वाटतं त्यांना त्यात माझा मान दिसला असेल, किंवा तुमच्याबद्दलची माया. तसं काही नव्हतं. मला त्या क्षणी फक्त पाहायचं होतं की मला येतं की नाही. इतकी घाबरले होते की चारचौघांची लाज उरली नव्हती. शेखावतजींनी दुसरं टोक धरलं.

पहिले वळसे पडले. कपाळावरून तिरका, मग उलटा. मग पुढचा कुठून, ते गेलं. नुसतं गेलं, बाबा. दिवा गेल्यासारखं. हात वर धरलेले, त्यात कापड, समोर सगळी कॉलनी, आणि डोक्यात काही नाही. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही. शेखावतजींनी सुचवलं नाही. कापड सैल पडलं होतं, त्यांनाही हातात कळलं असणार. ते उभे राहिले.

मग मी जे केलं ते काही विचार करून केलं नाही. सगळं उतरवलं. गुडघ्यांवर पडलेलं कापड गोळा केलं आणि मराठीतच म्हणाले, "चला, पहिल्यापासून." प्रमोददादा म्हणतो मी तेव्हा हसत होते. मला ते आठवत नाही. दुसऱ्यांदा साफा बसला. जरा डावीकडे कललेला, मागचं टोक हवं त्यापेक्षा आखूड, पण बसला. एकेकाने उठून डोक्यावर हात ठेवला.

जाताना जो तो म्हणत होता, देखा, देशमुख साहब की सिखाई काम आ गई. चार जण म्हणाले, मग दहा. मी हात जोडत होते आणि आतून पेटले होते. कामी आली? म्हणजे ती एवढी वर्षं तुम्ही रोज पहिल्या दिवसापासून शिकत होतात, ते माझ्या या दुपारसाठी? आणि ही दुपार आलीच नसती, मी ती ओळ वेळेवर पुसली असती, तर तुमच्या सगळ्या सकाळी फुकट गेल्या असत्या? मी, जन्मभर तो रकाना भरणारी, मी दारात उभी राहून मनात म्हणत होते की नाही, यासाठी नव्हतं ते. तुम्ही ऐकायला हवं होतंत.

तरीही दुसऱ्या सकाळी मी काय केलं? तुमचा पचरंगी काढला आणि आरशासमोर उभी राहिले. बघू आज येतं का. तेव्हापासून रोज. ऑफिसात चाळणीला काय म्हणतात ते आठवलं नाही, की दुसऱ्या सकाळी साफा. बसचा थांबा मागे गेला, की साफा. ऑफिसातली पोरं म्हणतात, मॅडम, हे सगळ्यांचंच होतं. होत असेल. त्यांच्या वडलांनी सगळे आकडे उजवीकडे बसवलेले नाहीत. प्रमोददादा फोनवर म्हणतो, एकदा दाखवून घे. मी त्याच डॉक्टरांकडे वेळ घेतली आणि स्वतःच रद्द केली.

परवा मी अडले. आधी साफ्यात, मग घरातच. कामावर गेले नाही. कापड मांडीवर घेऊन दिवाणावर बसून राहिले आणि पहिल्यांदा ती ओळ लिहून पाहिली, मनात, माझ्या पद्धतीने. हे शिकल्यावर शिकणाऱ्याला काय करता येईल? आपलं डोकं अजून शाबूत आहे हे सिद्ध करता येईल. इतकं कोतं उद्दिष्ट मी कारखान्यातल्या कुठल्या मशीनसाठीही लिहिलेलं नाही. तुम्हाला भीती वाटत होती तरी तुम्ही त्या कापडाला हे काम लावलं नाहीत. ती परीक्षा मी आणली होती, तुम्ही कपाटात कोंडून घातलीत, आणि तुम्ही गेल्यावर मी ती बाहेर काढून स्वतःवर चालवली.

म्हणून काल डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतली आहे. या वेळी जाईन. घड्याळ काढायला सांगतील ते काढीन, जसं येईल तसं. तपासायचं ते तिथे तपासू देत. साफ्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही जिंकलात असं समजू नका. वरणाचा मुद्दा मला अजून मान्य नाही. शिकण्याला काही कारण लागत नाही असंही मी म्हणणार नाही, मला माझी नोकरी आहे. फक्त या एका कापडापुरता मी तो रकाना कोरा सोडते आहे.

आज सकाळी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. चुण्या घातल्या. टोक गजाला बांधलं, कारण दुसरं कोण आहे. गजाची पंचाईत अशी की तो पुढे येत नाही, वळशागणिक मलाच त्याच्याकडे सरकावं लागतं. आणि त्याला काही कळत नाही. कापड घट्ट असो की सैल, त्याला सारखंच. तिसऱ्या वळशानंतर पुढचं आठवेना. हात वर राहिले, कापड सैल पडलं, आणि ती नेहमीची भीती आली. मी तुळशीकडे पाहत उभी राहिले. तुम्ही त्या दिवशी माझ्या पाठीमागे जे म्हणालात त्याला द्यायचं उत्तर माझ्याकडे राहून गेलंय. मलेही, बाबा. मलेही वाटते.

आता पहिल्यापासून घेते. तुम्ही पाहू नका. टोक धरा फक्त.